ॲम्बेसेडर १९७२ : तेलाची काडी, क्रँक आणि इंजिनाची जुळणी

९ नोव्हेंबर २०२४, लातूर

ॲम्बेसेडर मार्क टू, १९७२ ची, पेट्रोल. इंजिन १४८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर २.८७५ इंच, स्ट्रोक साडेतीन इंच, क्रँकला (पिस्टनच्या वरखाली हालचालीने गोल फिरणारा मुख्य दांडा) तीन मेन बेअरिंग. हे इंजिन मूळचं बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं. मॉरिस ऑक्सफर्डमध्येही ते होतं आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यात हिंदुस्तान मोटर्सने ते वर्षानुवर्षं बनवलं. गाडी थोरल्या काकांची. औसा तालुक्यात त्यांचा दवाखाना होता आणि ही गाडी त्यांची ॲम्ब्युलन्सही होती.

तक्रार अशी. गार असताना ऑइल प्रेशर ४५ पीएसआयपर्यंत जातं. तापल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) ८. या इंजिनाला चालताना साधारण ५० आणि आयडलला निदान १० ते १५ तरी हवं. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे वळणावर आणि स्पीडब्रेकरच्या आधी ब्रेक मारला की काटा क्षणभर खाली बसतो, मग परत उठतो. शिवाय बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं आवरण) खालच्या भोकातून थेंब गळतात. तेलाची काडी (डिपस्टिक) मात्र तेल पूर्ण असल्याचं दाखवते.

काटा ब्रेकबरोबर हलतो याचा अर्थ तेलाच्या पंपाच्या जाळीला काही क्षण तेल मिळत नाही. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, खरंच भरलेलं असेल तर असं व्हायला नको. तेव्हा आधी पातळी तपासायची, पंपाकडे नंतर वळू.

१० नोव्हेंबर

पातळी तपासण्याआधी जमीन तपासली. आमच्या शेडमध्ये शहाबादी फरशी आहे आणि फरशीखाली काळी माती. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, दर वर्षी फरशी थोडी इकडे थोडी तिकडे. गवंडी वापरतात तो पाण्याचा लेव्हल पाइप लावून पाहिला, तर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या जागेत ६० मिमीचा फरक निघाला. गाडीचा व्हीलबेस ९७ इंच, म्हणजे २४६४ मिमी. तेव्हा दर १०० मिमीला जवळपास अडीच मिमी उतार. काडीचं भोक चेंबरच्या बरोबर मध्यावर नसतं, त्यामुळे एवढ्या उतारावर वाचन दोन-तीन मिमीने सहज फसतं. मागच्या चाकांखाली फळ्या देऊन गाडी लेव्हलला आणली. आडवा उतारही पाहिला, तो नगण्य होता.

मग नेहमीची पद्धत. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं आणि वीस मिनिटं थांबलो. २०डब्ल्यू-५० सारखं जाड तेल हेडवरून आणि टॅपेटच्या बाजूने खाली यायला वेळ घेतं. दोन मिनिटांत काडी काढली तर पातळी कमी दिसते आणि माणूस उगाच वरून ओततो. काडी काढली, सुती फडक्याने कोरडी पुसली, पूर्ण टेकेपर्यंत आत घातली, काढली, आडवी धरून वाचली. मॅक्सच्या खुणेला बरोबर. दुसऱ्यांदाही तेच.

तेलाचा एक थेंब टिपकागदावर सोडला. पेट्रोल मिसळलेलं असेल तर बाहेरचं वलय पातळ आणि रुंद पसरतं. या गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिकी आहे, ब्लॉकलाच बसतो; त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं आणि काडीवर पातळी चढलेली दिसते. तसं काही नव्हतं. पाण्याचा दुधी रंगही नव्हता.

मग तेल काढून मोजलं. चेंबरमधून २.४ लिटर, फिल्टरच्या वाटीतून सुमारे ०.४. एकूण २.८. या इंजिनाला फिल्टर धरून साधारण चार लिटर लागतं. म्हणजे काडी भरलेलं सांगत होती आणि आत सव्वा लिटरच्या आसपास तेल कमी होतं.

मिस्त्रीचाचांनी काडी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, हे काडी या इंजनची न्हाईच. कॉलर बघा की, वेगळंच हाय."

१३ नोव्हेंबर

चाचांचं म्हणणं खरं निघालं. शहरातल्याच एका ओळखीच्या ॲम्बेसेडरची काडी दोन तासांसाठी आणली. कॉलर टेकते तिथपासून मॅक्सच्या खुणेपर्यंतचं अंतर दोन्ही काड्यांवर मोजलं. आमची २१ मिमीने जास्त. तेवढी ती खोल जाते, त्यामुळे तेल २१ मिमी खाली असतानाच खुणेला लागतं.

गळतीचाही उलगडा झाला. या इंजिनाच्या क्रँकला मागच्या टोकाला रबरी सील नसतं. तिथे उलट्या आट्यांची खाच असते; क्रँक फिरताना ती बाहेर पडू पाहणारं तेल परत आत ढकलते. ही रचना चेंबरमध्ये दाब नसेल तोवर छान चालते. तेल जास्त भरलं, किंवा रिंगा झिजून जळका वायू खाली यायला लागला की गळती सुरू. बेल हाउसिंगच्या भोकात कॉटर पिन सैल लटकती ठेवलेली असते ती यासाठीच, भोक बुजू नये आणि गळती दिसावी म्हणून. आमच्याकडे तेल जास्त नव्हतंच. म्हणजे दाब रिंगांकडून येतोय.

तर साखळी अशी : रिंगा झिजल्या, तेल गळू लागलं, चालवणाऱ्याने प्रामाणिकपणे काडीच्या खुणेपर्यंत भरत ठेवलं, आणि ती खूणच सव्वा लिटर खाली होती. कमी तेल लवकर तापतं, पातळ होतं, वळणावर जाळीपासून सरकतं. बेअरिंगची हालत काय असेल याचा अंदाज आला. नुसतं योग्य पातळीला तेल भरून गाडी रस्त्यावर आणायची, हा मोह आज बाजूला ठेवला. इंजिन खाली घ्यायचं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, गॅरेज बंद. काकांचे जुने ड्रायव्हर आबा मतदानासाठी गावी आले होते, ते गाडी बघायला शेडवर आले. बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्यांच्याकडून कळलेली माहिती महत्त्वाची आहे म्हणून इथे लिहून ठेवतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर काही महिने ही गाडी थांबलीच नाही. औषधं, डॉक्टर, जखमी माणसं, तंबूंचं सामान. त्यातच एक कनेक्टिंग रॉड गेला. त्या दिवसांत सुटे भाग मागवून वाट बघायला कुणाला सवड नव्हती. "जे सापडलं ते बसवलं आन् गाडी तिसऱ्या दिवशी परत रस्त्यावर," आबा म्हणाले. "बंद ठेवून चालनारच नव्हतं." दोन-तीन इंजिनांतले भाग एकत्र करून हे इंजिन बांधलं गेलं आणि नंतर चालत राहिलं म्हणून कुणी उघडलं नाही.

ज्याने ते बांधलं त्याने त्या वेळी योग्य तेच केलं, असं माझं मत. आता मात्र वेळ आहे, तेव्हा प्रत्येक भाग मापाने जुळवायचा.

२४ नोव्हेंबर

चेन कप्पीवर इंजिन उतरवलं. एक नोंद पान्यांबद्दल : या इंजिनाचे बहुतेक नट-बोल्ट इंची आहेत. पाच-सोळांश बोल्टाला अर्ध्या इंचाचा पाना, तीन-अष्टमांशाला नऊ-सोळांशाचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसतो आणि कोपरे खाऊन टाकतो. आमच्या चेंबरचे निम्मे बोल्ट असेच गोल झालेले. ॲम्बेसेडरवर हात घालणाऱ्याने इंची रिंग पान्यांचा एक सेट विकत घ्यावाच, यात काटकसर करू नये.

चेंबर उघडलं. तळाशी बोटभर काळा चिखल, चुंबकाला फारसं काही चिकटलं नाही, पण चिखल पेट्रोलमध्ये धुतल्यावर तळाशी तांबूस-सोनेरी झाक राहिली. बेअरिंगच्या आतला थर. जाळी अर्धी बुजलेली.

मेन बेअरिंगच्या पाळ्यांच्या (क्रँकभोवती बसणारी अर्धगोल पातळ कवचं) पाठीवर ०२० शिक्के, म्हणजे मूळ मापाहून वीस थाउ (इंचाचा हजारावा भाग) बारीक क्रँकसाठी. बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या मोठ्या टोकाच्या, पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या रॉडलाही ०२०. तिसऱ्याला ०१०, आणि पाळीच्या मागे पितळी पत्र्याची पट्टी. म्हणजे क्रँक दुसऱ्या साइजला घासलेला, पण तिसऱ्या पिनला (क्रँकच्या ज्या भागावर रॉड बसतो तो) पहिल्या साइजची पाळी, आणि मधली जागा पत्र्याने भरलेली. पत्रा घातला की पाळी रॉडच्या अंगाला नीट टेकत नाही, उष्णता बाहेर जात नाही आणि पाळी मधोमध दबते. तिसऱ्या पिनवर ओरखडे नखाला लागत होते.

आता रॉड. या इंजिनाच्या रॉडचं मोठं टोक सरळ कापलेलं नसतं, तिरकं कापलेलं असतं, म्हणजे रॉड बोअरमधून वर काढता येतो. रॉड आणि त्याची टोपी एकत्र बसवून भोक पाडलेलं असतं, म्हणून दोघांवर एकच आकडा ठोकलेला असतो आणि टोपीची अदलाबदल कधीही चालत नाही. शिवाय मोठं टोक रॉडच्या मध्यरेषेपासून थोडं एका बाजूला असतं, हा त्याचा बाक. एक आणि तीन एका प्रकारचे, दोन आणि चार दुसऱ्या प्रकारचे.

आमच्याकडे तिसऱ्या जागी रॉडवर ३ आणि टोपीवर २. चौथ्या जागी जो रॉड होता त्यावर आकडा ३, आणि बाकही एक-तीनच्या प्रकारचा. त्या सिलिंडरच्या पिस्टनचा स्कर्ट एका बाजूला वरून आणि दुसऱ्या बाजूला खालून झिजलेला, तिरका. रॉड चुकीच्या बाजूला ओढत होता, पिस्टन तिरका चालत होता. एकतीस वर्षांत न दिसलेली गोष्ट पिस्टनच्या अंगावर लिहिलेली होती.

१ डिसेंबर

आजचा दिवस फक्त मापांचा. मायक्रोमीटर आणि बोअर गेज एमआयडीसीतल्या एका मित्राकडून आणले, त्याने स्वतः सोबत बसून मापं घेतली. भाग आदल्या रात्रीपासून एकाच खोलीत ठेवले होते, म्हणजे सगळ्यांचं तापमान एक.

मेन जर्नलचं (क्रँकचा मेन बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मूळ माप २.००० ते २.०००५ इंच. आमचं १.९७८ च्या आसपास, म्हणजे वीस थाउ घासून वर आणखी झिजलेलं. बिग एंडच्या पिनचं मूळ माप १.८७५९ ते १.८७६४. तिसरी पिन लंबगोल, दोन दिशांत तीन थाउचा फरक. प्रत्येक जर्नल दोन जागी आणि दोन दिशांनी मोजावा. एकदाच मोजून मिळालेला आकडा जर्नल गोल आहे की नाही हे सांगत नाही.

बोअर चाळीस थाउ मोठे केलेले, म्हणजे २.९१५ इंच. त्या मापाने हे इंजिन १४८९ चं राहिलेलं नाही, १५३१ सीसीचं झालंय. वरच्या कडेशी आणि तळाशी आठ थाउचा उतार. आणखी मोठं करायला जागा नाही, चाळीसच्या पुढचे पिस्टन मिळवणंही अवघड. तेव्हा ठरलं : चारी सिलिंडरला कोरडी स्लीव्ह ठोकून मूळ २.८७५ वर परत यायचं. क्रँक तिसऱ्या साइजला, तीस थाउ खाली. म्हणजे मेन १.९७० आणि पिन १.८४५९ ते १.८४६४ मध्ये यायला हवं.

शिक्के वाचून भाग मागवले असते तर काय झालं असतं, ते पाहा. पाळीवर ०२० लिहिलंय म्हणून ०२० मागवले असते, आणि ते या झिजलेल्या क्रँकवर सैल बसले असते.

८ डिसेंबर

सुट्या भागांची शोधाशोध. लातुरात ट्रॅक्टरचं काय हवं ते मिळतं, ॲम्बेसेडरचं आता फारसं नाही. दिल्लीच्या काश्मिरी गेटवरून पिस्टन आणि रिंगांचा सेट सांगितला. कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून दोन कनेक्टिंग रॉड, डिपस्टिक आणि गॅस्केट सेट.

फोनवर सांगताना एक गोष्ट जपली, ती दुसऱ्यांनीही जपावी. "ॲम्बेसेडर पंधराशे" एवढंच सांगू नये. याच गाडीत पुढे आलेलं डिझेल इंजिनही १४८९ सीसीचंच होतं, बोअर आणि स्ट्रोकही तोच. म्हणजे डिझेलचा पिस्टन पेट्रोलच्या बोअरमध्ये उतरेल. पण त्याचा माथा निराळा, कारण डिझेलला कॉम्प्रेशन कितीतरी जास्त लागतं. दुकानदाराचीही चूक नसते, त्याच्या पेटीवर आकडा तोच असतो. पुढे आलेलं इसुझूचं १८०० पेट्रोल तर पूर्ण वेगळं इंजिन आहे. त्यामुळे मी जुन्या भागांचे मोजपट्टी ठेवून फोटो पाठवले : पिस्टनचा माथा, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, रॉडच्या दोन्ही बाजू. रॉडच्या लहान टोकाचा फोटो विशेष. आमच्या रॉडमध्ये पिस्टन पिन बुशमध्ये फिरत नाही, रॉडलाच क्लॅम्प बोल्टने आवळलेली असते आणि पिनेला मध्ये त्या बोल्टासाठी खाच असते. नंतरच्या काही बी-सिरीज इंजिनांत पिन मोकळी फिरणारी आहे. दोन्ही प्रकारांचे रॉड नव्या माणसाला सारखेच वाटतात.

दोन रॉड कोणते, हेही सांगितलं : एक तीन नंबरच्या प्रकारचा, एक चारच्या प्रकारचा. टोपीसकट, बोल्ट न खोललेला.

२१ डिसेंबर

ब्लॉक आणि क्रँक मशीन शॉपमध्ये दिले. तिथे ट्रॅक्टरचे ब्लॉक रांगेत होते, सोयाबीन आणि हरभऱ्याच्या हंगामात एकाला उसंत मिळत नाही. मालकाला मापं कागदावर लिहून दिली आणि क्रँकबद्दल एक विनंती केली : जर्नलच्या दोन्ही कडांना जी गोलाई असते ती तशीच ठेवा. ग्राइंडिंगचं चाक काटकोनी कोपरा करून गेलं तर क्रँक तिथूनच तडकतो. पिस्टन आल्याशिवाय शेवटचं होनिंग करू नका, हेही सांगितलं. पेटीवरच्या मापावर विसंबून बोअर करायचा नाही, प्रत्यक्ष पिस्टन मोजून करायचा.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. लातूर रिकामं, सगळं शिवारात. मशीन शॉप बंद, गॅरेज बंद, आम्हीही बंद. कडब्याच्या कोपीपुढे बसून भज्जी आणि आंबिल. चाचा सहकुटुंब आमच्या शेतात आले होते. जेवण झाल्यावर काडीचाच विषय.

६ जानेवारी २०२५

क्रँक परत आला. मेन १.९७००, १.९७०२, १.९७००. पिना चारही १.८४६० ते १.८४६३. गोलाई राखलेली. काम सुंदर झालंय.

घरी आल्यावर पहिलं काम तेलाच्या वाटा धुणं. मेन जर्नलमधून पिनेकडे जाणारी तिरकी भोकं असतात, ग्राइंडिंगची पूड त्यातच बसते. रॉकेलमध्ये भिजवून, बाटली धुण्याच्या लहान ब्रशने घासून, कॉम्प्रेसरची हवा मारून, पांढऱ्या फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत हे केलं. ब्लॉकच्या मुख्य गॅलरीची टोकाची बुचंही काढली. एका बुचामागे जुना चिखल कडक होऊन बसला होता.

मग ०३० च्या पाळ्या. प्लॅस्टिगेजचा बारीक धागा कोरड्या जर्नलवर आडवा ठेवायचा, टोपी पूर्ण आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, परत खोलून चेपलेल्या धाग्याची रुंदी पट्टीशी ताडायची. मेनच्या टोप्या ७० फूट-पाउंड, बिग एंड ३५. पाचपैकी चार जागी नीट माप निघालं, दीड ते दोन थाउ. मधल्या मेनला तीन. टोपी परत काढली तर ब्लॉक आणि टोपी जिथे टेकतात तिथे मध्ये रंगाचा एक सुकलेला पापुद्रा होता. तो खरवडून काढल्यावर तिथेही दोनच्या आत आलं. दोन पिना उरल्या होत्या, त्या कोलकात्याचे रॉड आल्यावर.

१२ जानेवारी

रॉड आले. आकडे रॉडवर आणि टोपीवर जुळतात, बाकाची बाजू जुळते, पिनेचा क्लॅम्प आहे. मोठ्या टोकाचं भोक पाळी न घालता आवळून मोजलं, गोल आहे. मशीन शॉपमध्ये वाकडेपणा तपासला.

मग वजनं. सोनाराकडचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. पिस्टन चारही तीन ग्रॅमच्या आत. रॉडमध्ये मात्र सर्वात हलक्या आणि सर्वात जडमध्ये २२ ग्रॅम. रॉडचं एकूण वजन जुळवणं पुरेसं नाही. मोठं टोक गोल फिरतं, लहान टोक वरखाली जातं, म्हणून दोन्ही टोकांची वजनं वेगळी घ्यावी लागतात : एक टोक दोऱ्याने लटकवून रॉड आडवा धरायचा, दुसरं टोक काट्यावर. जड रॉडच्या टोपीवर आणि लहान टोकाच्या माथ्यावर जो जाड उंचवटा असतो तिथूनच धातू घासला, रॉडच्या दांड्याला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत चारही रॉड चार ग्रॅमच्या आत आले. चाचांनी हे काम आयुष्यात पहिल्यांदाच केलं म्हणे, आणि सगळ्यात मन लावून त्यांनीच केलं.

रिंगा प्रत्येक आपल्या सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून, फटीत फीलर गेज. ८ ते १३ थाउमध्ये हवं. दोन रिंगा ६ वर होत्या, त्यांची टोकं कानशीने हलकेच घासली.

१९ जानेवारी

इंजिन बांधलं. टायमिंग चेनच्या दोन्ही चक्रांवरचे ठिपके समोरासमोर. टॅपेट ज्या भोकातून काढले त्याच भोकात, कारण जुना टॅपेट आणि जुन्या कॅमचा उंचवटा एकमेकांना घासून जुळलेले असतात. हेड ५० फूट-पाउंडला, मध्यापासून बाहेर. व्हॉल्व्ह क्लिअरन्स १५ थाउ. मेन टोप्यांच्या दोन टोकांना बुचाच्या पट्ट्या येतात, त्या थोड्या उंच ठेवून बसवल्या.

फिल्टर खोलताना जे आढळलं ते लिहायलाच हवं. फिल्टरच्या वाटीत तळाशी एक स्प्रिंग, तिच्यावर वॉशर आणि सील, आणि त्यावर एलिमेंट. स्प्रिंग एलिमेंटला वर दाबून धरते. आमच्या वाटीत स्प्रिंग नव्हतीच. एलिमेंट सैल, त्यामुळे तेल गाळणीतून न जाता बाजूने वाहत होतं. एलिमेंट कितीही नवा घातला तरी उपयोग शून्य. ज्यांच्याकडे वाटीचा फिल्टर असलेली जुनी गाडी आहे, त्यांनी पुढच्या वेळी तेल बदलताना हात घालून ही स्प्रिंग आहे का ते बघावं. दोन मिनिटांचं काम आहे.

२६ जानेवारी

इंजिन गाडीत बसलं. आज काडीचं काम.

हे काम इंजिन स्टँडवर असताना करता आलं असतं, पण मुद्दाम थांबलो. गाडीत इंजिन मागच्या बाजूला थोडं कललेलं बसतं, स्टँडवर ते सपाट असतं. काडी गाडीतल्या कलानेच वाचली जाणार, मग खूणही त्याच कलात पडायला हवी. फळ्या देऊन गाडी परत लेव्हलला आणली, लेव्हल पाइपने पुन्हा ताडून.

कोलकात्याहून आलेली काडी नवी आहे, पण कुणी बनवलेली ते तिच्यावर नाही. म्हणून तिच्या खुणा आधी पाहिल्याच नाहीत. दवाखान्यातला मोजपात्राचा जग घेतला. फिल्टर कोरडा, चेंबर कोरडं. आधी २.६ लिटर ओतलं, अर्धा तास थांबलो, काडीवर पातळी लागली तिथे पेन्सिलने रेघ. मग २५० मिलिलिटर, थांबणं, रेघ. पुन्हा २५०. असं ३.६ लिटरपर्यंत. प्रत्येक पाव लिटरला काडीवर चार मिमीच्या आसपास चढ. एका लिटरला १६ मिमी.

३.६ ची रेघ म्हणजे मॅक्स, कारण उरलेले ०.४ फिल्टरमध्ये राहणार. २.६ ची रेघ मिन. दोघांमध्ये बरोबर एक लिटर, म्हणजे रस्त्यात पातळी मध्यावर दिसली तर अर्धा लिटर टाकायचं, हिशेब सोपा. काडीवरची छापील मॅक्सची खूण माझ्या रेघेच्या ३ मिमी वर निघाली, पावणेदोनशे-दोनशे मिलिलिटरचा फरक. चालला असता, पण मागच्या टोकाला सील नसलेल्या इंजिनात मला वरच्या बाजूला चुकायचं नाही. माझ्या रेघांवर तीनकोनी कानशीने खाचा पाडल्या आणि छापील खुणा घासून काढल्या.

आता पडताळा. उरलेलं ०.४ लिटर चेंबरमध्येच ओतलं. पातळी मॅक्सच्या साडेसहा मिमी वर गेली. चारही प्लग काढून स्टार्टर मारला, दहा-दहा सेकंद, मध्ये स्टार्टरला विश्रांती. गेजचा काटा हलला, मग ४० च्या वर गेला. फिल्टर भरला. वीस मिनिटांनी काडी : मॅक्सच्या खाचेच्या अर्धा मिमी खाली. तेवढं तेल वर रॉकरला आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं असणारच.

चाचांनी काडी स्वतः पुसून, स्वतः घालून, स्वतः वाचली. "आता खरं बोलायलीय," म्हणाले.

२ फेब्रुवारी

पहिला स्टार्ट. मिनरल २०डब्ल्यू-५०. सपाट टॅपेटच्या इंजिनाला झिंकयुक्त तेल लागतं, डब्यामागचा तपशील वाचून घेतलंय. वीस मिनिटं १५०० ते २००० आरपीएमच्या मध्ये, आयडलला न सोडता, कारण कॅमला तेल क्रँकच्या उडवण्यातून मिळतं आणि मंद फिरताना ते पुरत नाही. तापल्यावर प्रेशर : २००० आरपीएमला ५२, आयडलला २२.

थांबवल्यावर गरम असतानाच एकदा काडी पाहिली, नोंदीसाठी. गार वाचनापेक्षा अडीच मिमी वर. तेल गरम झालं की फुगतं, साठ अंशांच्या फरकाला चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चार लिटरमागे दीडशे मिलिलिटरच्या वर. लातूरच्या मे महिन्यात तर शेडमधलं गार वाचनही ४० अंशांचं असतं. म्हणून ठरवलं : वाचन नेहमी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर, याच फळ्यांवर.

९ फेब्रुवारी

औशापर्यंत आणि परत, दोनदा. वेग पन्नासच्या आत. हेड गार असताना पुन्हा ५० ला आवळलं, व्हॉल्व्ह पुन्हा १५ ला. औसा रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरला ब्रेक मारून काट्याकडे पाहिलं, जागचा हलला नाही. बेल हाउसिंगखाली रात्री पुठ्ठा ठेवला होता, सकाळी त्यावर एक डाग, बोटाच्या पेराएवढा. या रचनेत एवढं मान्य आहे. रिंगा बसल्या की कमी होईल.

सकाळचं वाचन : मॅक्सच्या दोन मिमी खाली, म्हणजे सुमारे १२५ मिलिलिटर. वरून टाकलं नाही.

जुनी काडी मधून कापली, कुणी चुकून परत बसवू नये म्हणून. मिन आणि मॅक्सचे लिटर, फिल्टरचं माप, ०३० क्रँक, मूळ मापाचे बोअर आणि रॉडचे आकडे ऑइलपेंटने एका पत्र्यावर लिहून तो बॉनेटच्या आत रिव्हेट केला. तेल ५०० किमीला बदलायचं, तेव्हा फिल्टर कापून आत काय अडकलंय ते पाहायचं. कार्बोरेटर अजून बाकी आहे, आयडल गरम असताना किंचित हलतं.